अष्टमीची नवमी

हिरवा चुडा भरायला मी वैजूचा हात हातात घेतला आणि तो वळेना. सवाष्ण गेलेली. हिरवं लुगडं, मळवट, चुडा, सगळं करून पाठवायची रीत. बांगडी पंजावरून सरकायची तर अंगठा आत दुमडावा लागतो, आणि तो दुमडत नव्हता. दोन बांगड्या फुटल्या. तेव्हा मागून माझ्या विहीणबाई, शकुंतलाबाई पिंपळखुटे, म्हणाल्या, “राहू द्या, एकच घाला. उशीर होऊन राहिला.”

सकाळचे नऊ वाजले असतील-नसतील. परतवाड्याला आमच्या घरी निरोप आला होता तो असा : पहाटेच महालक्ष्म्यांचं विसर्जन झालं, सून आरतीला उभी होती, आरती संपली आणि ती कोसळली. हृदय बंद पडलं. परतवाड्याहून अचलपूर ते किती, दोन्ही गावांची घरं एकमेकांना लागलेली. हे आणि मी अंगावरच्या कपड्यांनिशी पोचलो. म्हणजे त्यांच्या सांगण्याप्रमाणे माझी लेक जाऊन तीनेक तास झाले होते. माझ्या हातातला हात मात्र सागाच्या फळीसारखा ताठ होता. माझ्या सासूला मी शेवटचं न्हाऊ घातलेलं आहे, धाकट्या जावेलाही. आत्ता गेलेलं माणूस हाताला कसं लागतं, हे मला कोणी शिकवायला नको.

मी मागे वळून विहीणबाईंकडे पाहिलं. त्यांनी नजर चुकवली नाही. बाई तशी हिमतीची. “देवीला निरोप देऊनच गेली हो,” त्या जमलेल्या बायकांना म्हणाल्या, आणि डोळ्यांना पदर लावला.

तेव्हा मी तोंड उघडलं नाही. वैजूची पाच वर्षांची केतकी झोपाळ्याची कडी धरून उभी होती आणि सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत होती. तिच्यासमोर मढ्यावरून भांडण नको, असं मला वाटलं. आणि खरं सांगायचं तर अंगात त्राणही नव्हतं.

आता हे सगळं का, ते सांगते. आमच्याकडे भाद्रपदातल्या महालक्ष्म्या तीन दिवसांच्या. पहिल्या दिवशी त्या येतात, दुसऱ्या दिवशी, अष्टमीला, पुरणावरणाचं जेवण, सोळा भाज्या, आंबील, सवाष्णींच्या पंगती, आणि तिसऱ्या दिवशी त्या जातात. पिंपळखुट्यांच्या महालक्ष्म्या म्हणजे अचलपुरात नाव. चार पिढ्यांचे पितळी मुखवटे, अंगावर खरे दागिने, आणि जेवायला अर्धं गाव. पण एक रीत फार कडक आहे. सणाच्या दिवशी घरात माणूस गेलं की तो सण त्या घराला बंद होतो. पुन्हा कधी त्याच तिथीला घरात मूल जन्मलं किंवा गाय व्यायली, तरच सुरू करता येतो. नाहीतर मुखवटे पेटीत जातात ते जातात.

म्हणून वैजूनं अष्टमीला मरायचं नव्हतं. तिनं थांबायचं होतं. ती थांबली नाही, तेव्हा तिला थांबवली. दार ओढून घेतलं, पंगती पार पाडल्या, रात्र काढली, आणि एरवी संध्याकाळी होणारं विसर्जन उजाडायच्या आत उरकून मग आम्हाला निरोप धाडला.

हे मला त्याच दिवशी कळलं होतं, पण कळणं वेगळं आणि सांगता येणं वेगळं. वर्षभर मी ते गिळून बसले. यांना सांगितलं तर म्हणाले, “आपली पोर तर गेली. आता केतकी तिकडे आहे हे लक्षात ठेव.” तेच तर लक्षात होतं. केतकी आमच्याकडे दिवाळीचे चार दिवस आणि उन्हाळ्याचे पंधरा दिवस यायची, तेही विहीणबाईंच्या मर्जीनं. जावई श्रीपादराव आईच्या शब्दाबाहेर नव्हते.

मग वर्षश्राद्ध आलं. ते त्यांनी नवमीला घातलं. माझी लेक अष्टमीला गेलेली, आणि तिच्या नावाचं पान नवमीला मांडलेलं. मी तिथं बसून पाहत होते. जेवणं झाल्यावर विहीणबाई बायकांमध्ये बसून सांगायला लागल्या, की सून माझी पुण्यवान, देवीचं सगळं हातानं केलं, सोळाच्या सोळा भाज्या चिरल्या, आरतीला उभी राहिली आणि देवीच्या मागोमाग गेली. असं मरण कुणाला येतं? बायकांनी हात जोडले. एकीनं तर वैजूच्या फोटोला नमस्कार केला. आणि पुढच्या वर्षी महालक्ष्म्या पुन्हा थाटात बसवायच्या, तिच्याच नावानं, असंही विहीणबाईंनी जाहीर करून टाकलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या लेकीला रात्रभर कोंडून ठेवलं ते ठेवलं, वर तिच्या मरणाचा त्या नैवेद्य दाखवत होत्या. घरी आले ती ठरवूनच, की हे लिहून काढायचं.

मी लिहिणारी बाई नव्हे. सातवी झालेली. पत्रं लिहायची, नाहीतर लोणच्याचं प्रमाण. हे वनखात्याच्या लाकूड डेपोत होते, तिथले जुने पाठकोरे कागद घरात पडलेले असायचे. दुपारी जेवणं आटोपली की ते घेऊन मी स्वयंपाकघरातच बसायची. पहिल्याच आठवड्यात एक अडचण उभी राहिली. लिहायला बसलं की वैजू यायची. चिंचेच्या झाडावरून न उतरणारी, शीळ घालते म्हणून बापाच्या हातचा मार खाणारी, चौथीत नाटकात मिशा लावून आलेली आणि त्या मिशा लावूनच झोपलेली. कागदावर कागद भरायचे, मी आपली हसत बसायची, आणि राग कुठल्या कुठे जायचा. असं चालणार नव्हतं. मग मी लग्नातला तो फोटो काढला, ज्यात मधोमध खुर्चीवर शकुंतलाबाई बसल्या आहेत, आणि तुरीच्या डाळीच्या डब्याला टेकवून समोर ठेवला. दोन ओळी वैजूच्या लिहायच्या आणि एकदा फोटोकडे बघायचं. विस्तव विझू नये म्हणून जशी आपण फुंकणी मारतो तसं.

दुसरी अडचण पुराव्याची. ताठ हाताची गोष्ट माझ्या एकटीची. लोक म्हणतील, दुःखानं बाईचं डोकं फिरलं. मग मी त्या अष्टमीला तिकडे जेवून आलेल्या बायकांना विचारू लागले. उघड नाही. भाजीबाजारात भेटली की बोलता बोलता विचारायचं, आंबील कशी झाली होती हो त्या वर्षी? कोणी वाढली? वैजू आंबील फार सुरेख करायची आणि स्वतःच वाढायची, दुसऱ्याच्या हातात पळी द्यायची नाही. पहिल्या पंगतीच्या बायका म्हणाल्या, तुमच्या लेकीनं वाढली, पण चेहरा उतरला होता हो, पोटाशी हात धरून वाकून चालत होती. दुसऱ्या पंगतीच्याही तेच म्हणाल्या. तिसऱ्या पंगतीला आंबील विहीणबाईंनी वाढली. सून कुठे म्हणून एकीनं विचारलं, तर जरा पडली आहे म्हणाल्या. त्यानंतर त्या घरात माझ्या लेकीला कोणीही पाहिलं नव्हतं. पहाटेच्या आरतीला ती उभी होती, हे पाहणारी घरच्या माणसांखेरीज एकही बाई मला सापडली नाही.

तेही मी लिहिलं. शेवटच्या पानावर कोणाला शिव्याशाप दिले नाहीत. एवढंच लिहिलं, की वैजयंती भाद्रपद शुद्ध अष्टमीला, महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी, तिसरी पंगत बसली असताना गेली. तिचं श्राद्ध ज्यांना घालायचं असेल त्यांनी अष्टमीला घालावं. बास. ज्याला कळायचं त्याला एवढ्यात कळतं.

यांनी ते वाचलं तेव्हा बराच वेळ चष्मा पुसत बसले. म्हणाले, पुस्तक छान झालंय, तिचं लहानपण तर डोळ्यांसमोर उभं राहतं, ते शेवटचं पान तेवढं काढ. मी म्हटलं, शेवटच्या पानासाठी तर बाकीची लिहिली. त्यावर ते म्हणाले, “केतकी मिळत असेल तर मी तिथी विसरायला तयार आहे. तू नाहीस?” अमरावतीला माझ्या मामेभावाचा छापखाना होता, त्याच्याकडे कागद पाठवून दिले.

पुस्तकं आली ती पौषात, संक्रांतीच्या तोंडावर. आणि तेव्हाच माझ्या डोक्यात आलं, की वाण म्हणून हेच लुटायचं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्रत्येक सवाष्णीला काहीतरी वाण द्यायचं असतं. कोणी वाट्या देतं, कोणी आरसे, कोणी गाळणी. वाण पदर लावून द्यायचं, ओटीत घ्यायचं, आणि ते कोणी नाकारत नाही. दिलेलं वाण परत करणं म्हणजे समोरच्या बाईच्या सौभाग्यावर थुंकणं. पुस्तक नुसतं वाटलं असतं तर लोकांनी बाजूला ठेवलं असतं. वाण म्हणून दिलं की घरात न्यावंच लागतं.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी मी हळदीकुंकू ठेवलं. गेल्या वर्षी केलं नव्हतं, त्यामुळे दोन्ही गावांतल्या बायका येणार होत्या. देवघरात पिवळ्या कागदात बांधलेल्या पुस्तकांची चळत रचून ठेवली होती. विहीणबाई लवकर आल्या. पहिला मान विहिणीचा, तो त्या सोडणाऱ्या नव्हत्या. जरीकाठी लुगडं, नाकात नथ, हाताशी केतकी. केतकी आली ती थेट माझ्या कमरेला बिलगली. तिच्या केसांना तेल नव्हतं. मी तिला तिळाचा लाडू दिला आणि कोठीच्या खोलीत मांजरीची पिल्लं आहेत म्हणून सांगितलं. ती पळाली.

बैठकीत पाच-सहा बायका जमल्या होत्या. विहीणबाईंना हळदकुंकू लावलं, अत्तर लावलं, हातावर तीळगूळ ठेवला, आणि पहिलं वाण पदर लावून त्यांच्या ओटीत घातलं. त्यांना वाणाची पारख करायची सवय. तिथल्या तिथे कागद सोडला. वरचा वैजूचा फोटो पाहून म्हणाल्या, “अगं बाई, पुस्तक? लेकीचं?” आणि बायकांना दाखवत कौतुकानं चाळायला लागल्या. मग शेवटचं पान आलं.

त्यांचा हात थांबला. बाकी चेहऱ्यावर काही नाही. पुस्तक मिटलं, पुन्हा कागदात गुंडाळलं आणि माझ्यापुढे धरलं.

“वाण परत करत नाहीत, विहीणबाई,” मी म्हटलं.

बायका आमच्याकडे बघायला लागल्या. त्या उठल्या, जरा पाणी द्या म्हणाल्या, आणि माझ्यामागून स्वयंपाकघरात आल्या. पाणी घेतलं नाही. आधी विचारलं, हे आणखी कोणाला दिलं? मी म्हटलं, अजून कोणाला नाही, तुम्हीच पहिल्या. त्यांनी देवघरातल्या चळतीकडे पाहिलं आणि पाटावर बसल्या. इतक्या वर्षांत त्यांना मी माझ्या घरात असं आपणहून जमिनीलगत बसलेलं पाहिलं नव्हतं.

“सांगा,” मी म्हटलं. “केव्हा गेली?”

“लिहिलंच आहे तुम्ही.”

“तुमच्या तोंडून ऐकायचं आहे मला.”

मग त्या बोलल्या, आणि एकदा बोलायला लागल्यावर काही लपवलं नाही. आदल्या रात्रीपासून पोटात दुखत होतं. सकाळी वैजू म्हणाली, डॉक्टरकडे जाऊ. त्या म्हणाल्या, एवढ्या देवी जेवू देत, संध्याकाळी जाऊ. दोन पंगती तिनं वाढल्या. मग मागच्या खोलीत जाऊन पडली. तिसरी पंगत बसली तेव्हा त्या आत बघायला गेल्या.

“गार पडली होती,” विहीणबाई म्हणाल्या. “बाहेर सवाष्णी ताटावर बसलेल्या. पहिला घास तोंडात. काय करायचं होतं मी? भरल्या ताटावरून देवीच्या सवाष्णी उठवायच्या? माझ्या सासूनं मरताना माझ्या हातात ते मुखवटे दिले. कमलताई, गेलेली पोर परत येणार होती का?”

“सकाळी नेली असती तर गेलीच नसती.”

बाहेर आणखी बायका आल्याचा आवाज आला, बांगड्या, हसणं. विहीणबाईंनी माझा हात धरला. तो हात मी झटकला नाही, कारण पुढे काय येतं ते मला ऐकायचं होतं.

“केतकीला ठेवून घ्या,” त्या म्हणाल्या. “आजच, इथंच. श्रीपादचं पुन्हा ठरून राहिलं आहे, नव्या सुनेला पोर जडच होईल. मी त्याला समजावते. कायमची तुमची. फक्त ही पुस्तकं बाहेर जाऊ देऊ नका.”

मी खोटं बोलणार नाही. ते तेल नसलेले केस डोळ्यांसमोर आले. सकाळी तिची वेणी घालीन, शाळेत सोडीन, यांच्या मांडीवर बसून ती पाढे म्हणेल. एक शब्द बोलायचा होता, बरं म्हणायचं होतं. पण त्याच वेळी मला दिसलं, की ही बाई मला जे देते आहे ते तिला नकोच आहे. नव्या सुनेच्या वाटेतला दगड उचलून ती माझ्या ओटीत घालते आहे, आणि त्या बदल्यात येत्या भाद्रपदात मुखवट्यांना नवी लुगडी नेसवून, सोळा भाज्या चिरून, माझ्या लेकीच्या पुण्यवान मरणाची गोष्ट पुन्हा सांगणार आहे. दर वर्षी. नवमीला पान मांडणार आहे. मी हे चालू दिलं तर वैजूला दुसऱ्यांदा त्या खोलीत कोंडल्यासारखं होईल, असं मला वाटलं.

“वाण आणलेलं आहे,” मी म्हटलं. “लुटल्याशिवाय ठेवता येत नाही.”

आणि हात सोडवून मी देवघरात गेले. चळत उचलली, बैठकीत आले आणि एकेकीच्या ओटीत पुस्तक घालत सुटले. इतकं हलकं मला वैजू गेल्यापासून वाटलं नव्हतं. विहीणबाई मागून आल्या, केतकीला हाक मारली. ती कोठीच्या दारातून आली. तिला दंडाला धरून त्या पायऱ्या उतरल्या. स्वतःचं वाण मात्र न्यावं लागलं. सगळ्या बायका बघत होत्या.

रात्री यांनी मला विचारलं, मी सांगितलं. ते उठले, दिवा मालवला आणि पडले. पुढे वारले तोपर्यंत या विषयावर माझ्याशी बोलले नाहीत.

आणि माझं पुस्तक पुरेपूर कामाला आलं. त्या भाद्रपदात पिंपळखुट्यांकडे जेवायला जायला एक सवाष्ण तयार होईना. कोणाला ताप, कोणाकडे पाहुणे. मुखवटे पेटीत गेले. पण विहीणबाई हार मानणाऱ्या नव्हत्या. त्यांनी गाय घेतली, भाद्रपदात विईल असा हिशेब करून गाभण घेतली. अष्टमीला वासरू झालं की सण मोकळा. पहिल्या वर्षी गाय श्रावणातच व्यायली. पुढच्या वर्षी दोन गायी आणल्या. एक षष्ठीला व्यायली, दुसरी नवमीला उजाडताना. आता ज्या बाईनं एका मरणाची अष्टमीची नवमी केली, तिला एका वासराच्या नवमीची अष्टमी करणं काय अवघड? पण अष्टमीच्या दुपारपासून गावातल्या बायका सहज म्हणून त्यांच्या गोठ्यात येऊन बसल्या होत्या, आणि उजाडेपर्यंत आळीपाळीनं बसूनच राहिल्या. मला हे कळलं त्या दिवशी मी शेजारीपाजारी साखर वाटली. अशी तेरा वर्षं गेली. गोठा भरला, देव्हारा रिकामा राहिला, आणि त्या तशाच गेल्या. तेराव्याला मला बोलावणं नव्हतं. मी घरी पुरण घातलं आणि पोटभर जेवले.

तेरा वर्षांत केतकीला मी दोनदा पाहिलं, तेही लांबून.

आजी गेल्यावर महिनाभरानं ती आली. विशीची, नागपूरला शिकायला राहिलेली, वैजूसारखीच उंच. मी तिला बघतच राहिले. काय करू आणि काय नको असं झालं. तिच्या आवडीचं काय ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून वैजूच्या आवडीचं सगळं केलं. ती शांतपणे जेवत होती. पुस्तक वाचलं म्हणाली, आजीच्या कपाटात होतं, आईच्या मिशांची गोष्ट तर पाठ आहे. आई मला तुझ्यामुळे कळली, माई, असंही म्हणाली. एवढं ऐकायलाच मी जगले, असं मी तिला सांगितलंसुद्धा.

मग ती म्हणाली, “त्या हळदीकुंकवाला मी कोठीच्या दाराशी उभी होते. पिल्लं दाखवायला तुला बोलवायला आले होते.”

मी पोळीवर तूप घालत होते. हात तसाच राहिला.

“आजी मला देत होती तुला.”

“तुझ्या आईसाठी केलं गं मी ते. तिची तिथीसुद्धा चोरली होती त्यांनी. तिच्यासाठी दुसरं कोण बोलणार होतं?”

“आई गेली होती, माई,” केतकी म्हणाली. आवाजात राग नव्हता. “मी होते.”

तिनं ताटातलं सगळं संपवलं. हात धुतले, ताट विसळून पालथं घातलं, परक्याच्या घरी घालतात तसं, आणि संध्याकाळच्या गाडीनं नागपूरला निघून गेली.